बागेतली कुस्ती आणि फ्रान्सची आगगाडी

जत्रेतली कुस्ती आपल्याला नवी नाही. पण फिल्मवर कुस्ती टिपणारा आपल्या देशातला पहिला माणूस मराठी होता, हे मुलांना जरूर सांगा.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. तिकीट एक रुपया. तेव्हाचा रुपया बरे का! त्यात स्टेशनात शिरणारी आगगाडी होती. चित्र मुके, म्हणून फ्रेंच न येणाऱ्यालाही सारे समजले. हे नवल पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकाराने लंडनहून २१ गिनींना कॅमेरा मागवला. १८९९ साली हँगिंग गार्डन या बागेत पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती त्यांनी टिपली. फिल्म धुवायला पुन्हा लंडनलाच पाठवावी लागली. पेरणी करून वाट पाहणाऱ्याला तो धीर कळेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्ञानगंगा अभयारण्यात किंवा लोणारला चित्रण करू म्हणणारा मुलगा वा मुलगी घरात असेल, तर 'रिकामा उद्योग' म्हणून झिडकारू नका. मात्र वनखात्याची परवानगी आधी घ्यायला लावा. उन्हाळ्यात जनावरे पाणवठ्यावर येतात, तिथे फार जवळ जाऊ देऊ नका. परदेशी पाहुण्यांसाठी फ्रेंच शिकली तर चांगलेच. पण हात बसवायला आपले शिवारही पुरे. खरिपात कपाशीच्या डोमकळीतली गुलाबी बोंडअळी कुणी मोबाइलवर जवळून टिपली, तर ते चित्रण गावोगावच्या सभेत दाखवायला मला हवेच आहे.