संकेतस्थळाची निगा कोणी राखायची?

पिंपरी, भोसरी, आकुर्डी आणि चाकण या पट्ट्यात यंत्राची निगा म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पाळी सुरू होताना तेलपाणी कोणी करायचे, बिघाडाची नोंद कोणत्या वहीत आणि कोणाच्या सहीने व्हायची, हे कारखान्यात ठरलेले असते. याच परिसरातील अनेक संस्थांच्या संकेतस्थळांना मात्र हा न्याय लावला जात नाही. संकेतस्थळाचे उद्‌घाटन थाटात होते. पुढे बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि मुदत उलटलेली सूचना त्यावर वर्षानुवर्षे तशीच राहते.

ही गैरसोय किरकोळ नव्हे. एखाद्या दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी चुकीची असेल, तर रोजंदारीवरील कामगाराचा हेलपाटा वाया जातो, खाडा पडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. चुकीच्या पानाची किंमत अखेर तोच मोजतो.

साधनांची उणीव नाही

एके काळी ही अडचण तांत्रिक होती. संकेतस्थळाचे प्रत्येक पान स्वतंत्रपणे लिहावे लागे. मजकूर आणि त्याच्या मांडणीच्या खुणा एकमेकांत गुंतलेल्या असत. साधा दूरध्वनी क्रमांक बदलायचा, तरी जाणकाराची वाट पाहावी लागे. आशय व्यवस्थापन प्रणालीने, अर्थात कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिमने, हा गुंता सोडवला. तीत मजकूर एकीकडे साठवला जातो, मांडणीचा साचा वेगळा राहतो आणि वाचकाने मागणी करताच दोहोंतून पान सिद्ध होते. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने प्रसिद्धीस संमती द्यावी आणि कोणता फेरफार कोणी केव्हा केला याची नोंद राहावी, अशी सोयही तीत करता येते. कचेरीतील टिपणी आणि मंजुरी यांचीच ही नवी आवृत्ती होय.

या प्रणालींसाठी मोठा खर्चही करावा लागत नाही. ड्रुपल २००१ मध्ये, वर्डप्रेस २००३ मध्ये आणि जूमला २००५ मध्ये आली. तिन्ही विनामूल्य उपलब्ध आहेत. यांपैकी जूमला हे नाव स्वाहिली भाषेतून घेतलेले आहे. आपल्या जुन्या दप्तरांतील बेरजेचा ‘जुमला’ आणि तो शब्द यांचे मूळ एकच, अरबी. अर्थ, सर्व मिळून. नेमके हे ‘सर्व मिळून’च कचेऱ्यांत घडत नाही.

सारथीचा धडा

ते घडू शकते, याचे उदाहरण याच शहरात आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर गेली होती. महापालिकेने २०१३ मध्ये, आयुक्त श्रीकर परदेशी यांच्या कारकिर्दीत, ‘सारथी’ हा उपक्रम सुरू केला. नागरिकांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे विभागवार एकत्र करून ती दूरध्वनी, पुस्तिका आणि संकेतस्थळ या मार्गांनी उपलब्ध झाली. त्यातील खरे कष्टाचे काम यंत्राचे नव्हते; प्रत्येक विभागाकडून निश्चित उत्तर मिळवण्याचे होते.

तथापि, उत्तर एकदा मिळवून भागत नाही. २०१९ च्या अखेरीस शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, तेव्हा त्याआधीचे प्रत्येक वेळापत्रक एका दिवसात निरुपयोगी ठरले. अशा वेळी न बदललेले पान हे पान नसण्यापेक्षा वाईट. कारण वाचक त्यावर विश्वास ठेवतो.

कायद्याची अपेक्षाही हीच आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी १७ बाबींची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करायची आणि ती दरवर्षी अद्ययावत करायची आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये निघालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतही त्यासाठी जबाबदार अधिकारी नेमण्याचा आग्रह आहे.

आधीच कामाने वाकलेल्या लिपिकावर आणखी एक ओझे का, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. परंतु आज दुहेरी श्रम होतात ते पद्धतीमुळे. संगणकावर टंकलिखित केलेले परिपत्रक छापायचे, त्यावर सही घ्यायची आणि मग त्याचे छायाचित्र संकेतस्थळावर चढवायचे, ही रीत रूढ आहे. अशा चित्रातील अक्षरे शोधयंत्राला सहजी सापडत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतील मराठीचीही तीच गत. तोच मजकूर युनिकोडमध्ये थेट प्रणालीत गेला, तर श्रम वाचतील आणि नागरिकाला तो सापडेलही.

उपाय साधा आहे. प्रत्येक पानाखाली ते सांभाळणाऱ्या पदाचे नाव आणि शेवटच्या तपासणीची तारीख असावी. प्रणालीच्या सुरक्षिततेसाठी निघणाऱ्या सुधारणा वेळेवर बसवणे, हेही कोणाच्या तरी कर्तव्यसूचीत नोंदलेले असावे. बदलीच्या वेळी कपाटाच्या किल्ल्या यादीनिशी सोपवल्या जातात; त्या यादीत यापुढे संकेतस्थळाच्या प्रवेशाधिकाराची एक ओळ वाढावी. त्या ओळीसमोर सही कोणाची, हे ठरेपर्यंत नवी प्रणाली विकत घेण्यात अर्थ नाही.