गुण पाहायचे की नंबर?

रिचर्ड डॉल या ब्रिटिश संशोधकाने १९५५ मध्ये अकरा देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. १९३० साली त्या देशात माणशी किती सिगारेटी खपल्या हा एक आकडा. दुसरा आकडा वीस वर्षांनंतरचा, म्हणजे १९५० साली दर दहा लाख पुरुषांमागे फुप्फुसाच्या कर्करोगाने किती दगावले याचा. पूर्णांकात सांगायचे तर आइसलँडमध्ये २३० सिगारेटी आणि ६० मृत्यू, नॉर्वेत २५० आणि ९०, स्वित्झर्लंडमध्ये ५१० आणि २५०, ब्रिटनमध्ये ११०० आणि ४६०. सिगारेटी वाढल्या की मृत्यूही वाढतात, हे कुणालाही दिसावे.

पण यादीत अमेरिका होती. तिथे सिगारेटी सर्वांत जास्त, १३००, आणि मृत्यू मात्र २००. स्वित्झर्लंडपेक्षाही कमी!

दोन गोष्टी किती जोडीने वाढतात हे सांगणाऱ्या आकड्याला सहसंबंध गुणांक म्हणतात. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. नेहमीची पद्धत कार्ल पिअरसन यांच्या नावाची. आलेखावरचे ठिपके एका सरळ रेषेच्या किती जवळ आहेत, हे ती मोजते. अकरा देशांसाठी उत्तर येते ०.७४. अमेरिका वगळून पुन्हा गणित केले, की तेच ०.९४ होते. एका ठिपक्याने एवढा फरक! ज्याला सिगारेटची बाजू घ्यायची तो अमेरिका ठेवेल, ज्याला विरोध करायचा तो काढेल. मग खरे कुणाचे मानायचे?

इथे दुसरी पद्धत कामाला येते. चार्ल्स स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञाने ती १९०४ मध्ये मांडली. शाळेच्या निकालात आपण दोन गोष्टी विचारतो, किती गुण मिळाले आणि कितवा नंबर आला. पहिल्याला ९८ आणि दुसऱ्याला ९७ असोत किंवा ७०, नंबर पहिला-दुसराच राहतो. स्पिअरमनची पद्धत गुण बाजूला ठेवून फक्त नंबर बघते. सिगारेटींत कितवा देश मृत्यूंत कितवा, एवढेच. या अकरा देशांसाठी तिचे उत्तर ०.८४, आणि अमेरिका वगळली तर ०.९२. एकट्या देशाची ओढ इथे बरीच कमी झाली, कारण १३०० हा आकडा ११०० पेक्षा कितीही मोठा असला तरी नंबरांच्या शिडीवर तो जेमतेम वरची पायरी आहे.

मग नेहमी नंबरच का वापरू नयेत? कारण नंबर काढताना माहिती हातची जाते. फिनलंड आणि ब्रिटन दोन्हीकडे सिगारेटी ११००च, पण मृत्यू ३५० आणि ४६०. दर दहा लाखांमागे ११० माणसांचा हा फरक नंबरांत दहावा आणि अकरावा एवढाच उरतो. औषधाचा डोस ठरवताना असे चालणार नाही. तिथे किती मिलिग्रॅमने किती फरक पडतो हेच महत्त्वाचे.

उलट, वेदना शून्य ते दहामध्ये किती, असे डॉक्टर विचारतात, तेव्हा ती मोजपट्टी नसते. दोनवरून चारवर जाणे आणि सहावरून आठवर जाणे सारखेच, असे कोण म्हणेल? कर्करोगाच्या टप्प्यांचेही तसेच. तिथे नंबरांचीच पद्धत रास्त. नाते वाढते पण वाकडे असेल, तरीही. देशाचे दरडोई उत्पन्न आणि आयुर्मान यांचा सॅम्युअल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये काढलेला आलेख आधी झपाट्याने चढतो आणि मग सपाट होत जातो. सरळ रेषेची पट्टी तिथे अपुरी पडते, नंबर मात्र बऱ्यापैकी जुळतात.

काही ठिकाणी दोन्ही पद्धती फसतात. फार बारीक आणि फार लठ्ठ, दोन्ही टोकांना मृत्यूचा धोका जास्त असतो. अशा खोलगट आलेखाचा गुणांक शून्याजवळ येऊ शकतो, म्हणून संबंधच नाही असे होत नाही.

आकड्यांची वाटणी घंटेच्या आकाराची असेल तर पिअरसन, नसेल तर स्पिअरमन, असा एक नियम विद्यार्थी पाठ करतात. मला तो उलट्या टोकाने सुरू झालेला वाटतो. किती वाढते हे विचारायचे आहे की वाढते का एवढेच, हे आधी ठरवावे. मग ठिपक्यांचा आलेख काढून बघावा. दोन्ही गणिते करून जो आकडा मोठा तो छापणे ही तर सरळ लबाडी. बातमीत ‘०.८ सहसंबंध आढळला’ असे वाचाल तेव्हा कोणता, आणि किती ठिपक्यांवरून, हे विचारायला हरकत नाही. शिवाय हे ठिपके देशांचे आहेत, माणसांचे नाहीत. धूम्रपान करणाऱ्या माणसाला धोका किती, हे देशांच्या सरासरीवरून ठरत नाही. त्यासाठी डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांना रुग्णांकडेच जावे लागले, आणि तो अभ्यास त्यांनी १९५० मध्येच प्रसिद्ध केला होता.

राहता राहिली अमेरिका. तिला वगळणे सोपे होते, पण ती अशी फटकून का, हा प्रश्न जास्त मोलाचा ठरला. एक तर सिगारेटी साऱ्या लोकसंख्येच्या मोजल्या होत्या आणि मृत्यू फक्त पुरुषांचे. दुसरी शंका अशी, की अमेरिकी माणूस सिगारेट शेवटपर्यंत ओढतच नसेल. डॉल, हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये देशोदेशीच्या थोटकांच्या लांबीची तुलना छापली. अमेरिकी थोटके ब्रिटिशांपेक्षा लांब निघाली.