'पेशंट' म्हणजे आजारीच असं नाही! मुलाखतीत स्वतःबद्दल बोलताना अडवणारे इंग्रजी शब्द

मोखाडा : माझी पुतणी नर्सिंगचा कोर्स करून मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात मुलाखतीला गेली. पहाटे उठून एसटी धरली, त्र्यंबकवरून वेळेत पोचली. कागदपत्रं सगळी बरोबर. समोरच्या मॅडमनी विचारलं, "आर यू पेशंट?" पोरीने लगेच सांगितलं, "नो मॅडम, आय ॲम नर्स." खोलीतले सगळे हसले आणि त्यानंतर हिचं तोंडच उघडेना. नोकरी गेली. घरी आल्यावर मला म्हणते, "काका, मी काय आजारी दिसते का?"

तर पेशंट या शब्दाचा दुसरा अर्थ आहे धीराचा, न चिडता ऐकून घेणारा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सोसणारा असा आहे. आजारी माणूस दुखणं सोसतो, धीराचा माणूस समोरच्याचा त्रास सोसतो, म्हणून दोघांना एकच शब्द. मॅडमनी विचारलं होतं की तुझ्याकडे धीर आहे का. माझ्या आईला दीड वर्ष अंथरुणात सांभाळलं या पोरीने. उत्तर तिच्याकडे होतं, शब्दाने घात केला.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासून आहे. म्हणजे आजचा बारावी झालेला पोरगा बारा वर्षं इंग्रजी शिकलेला असतो. पण आपल्याकडे बऱ्याच घरांत वारली, कोकणा, कातकरी बोली. मराठीच शाळेत गेल्यावर नीट कानावर पडते, इंग्रजी त्याच्याही पुढची. त्यात स्वतःचा स्वभाव सांगायची आपल्याला सवयच नाही. 'मी असा आहे' असं चारचौघांत बोललं की लोक म्हणतात, लई शहाणा झाला. आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो, स्वतःबद्दल सांगा.

गंमत म्हणजे स्वभावाचे इंग्रजी शब्द आपण रोज वापरतो, पण त्यांचा अर्थ आपण आपल्या सोयीने बदलून घेतलाय. 'त्याला लई ॲटिट्यूड आहे' म्हणजे आपल्याकडे माज. इंग्रजीत ॲटिट्यूड म्हणजे नुसता दृष्टिकोन. चांगलाही असतो, वाईटही. 'बोल्ड' म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो, तिकडे बोल्ड म्हणजे धीट. 'टेन्शन' तर आपण सगळ्यालाच लावतो. मुलाखतीआधी पोटात गोळा येतो तो नर्व्हस. पाऊस लांबला, रोपं वाळतील का, हे वरीड. कामाच्या ओझ्याने डोकं फुटायची वेळ आली ते स्ट्रेस्ड. कोणी मनाला लागेल असं बोललं तर हर्ट. पर्सनॅलिटी म्हणजे आपल्याकडे उंची आणि छाती. खरं तर तो सगळा स्वभाव, माणसाची वागण्याची तऱ्हा.

या पर्सनॅलिटीचं मूळ वाचलं तेव्हा मी थांबलोच. लॅटिनमध्ये 'पर्सोना' म्हणजे नटाने तोंडावर लावायचा मुखवटा. मुखवटा आपल्याला कोणी शिकवायला नको! बोहाड्यात गणपती, सरस्वती, रावणाची सोंगं आपल्याकडची माणसं रात्रभर नाचवतात. पुढे अख्खा गाव बसलेला. मीच पाहिलंय, एरवी मान वर न करणारा पोरगा सोंग चढवून संबळावर असा नाचला की ओळखू येईना. तोच पोरगा कंपनीच्या टेबलासमोर घामाने भिजतो. हा भित्रा कसा? त्या खोलीत बोलायचं सोंग त्याने कधी घेऊन पाहिलेलं नाही, एवढंच.

आता 'शाय' घ्या. लाजाळू, बुजरा. नवा माणूस दिसला की बैल बुजतो ना, तसा इंग्रजीत घोडा बुजला तरी हाच शब्द वापरतात. मुलाखतीत 'आय ॲम शाय' म्हणून गप्प बसू नका. कमी बोलणारा पण कामात चोख असाल तर 'क्वाएट' म्हणा, किंवा 'रिझर्व्हड', म्हणजे मोजकं बोलणारा. 'भिडस्त' याला मात्र मला एका शब्दाचा जोड सापडला नाही. सरळ वाक्यच सांगावं, 'आय फाइंड इट हार्ड टू से नो', मला नाही म्हणणं जड जातं. आपला अर्धा तालुका त्यात बसेल.

दोन चुका तर जवळजवळ प्रत्येक पोर करतं. पहिली, 'आय ॲम कॉन्फिडन्स'. म्हणजे 'मी आत्मविश्वास आहे'. आत्मविश्वास असलेला म्हणजे कॉन्फिडंट. तसंच ऑनेस्टी म्हणजे प्रामाणिकपणा, प्रामाणिक माणूस ऑनेस्ट. दुसरी चूक शेपटीची. 'आय ॲम बोअरिंग' म्हणालात तर अर्थ होतो, मी लोकांना कंटाळा आणतो. मला कंटाळा आलाय, हे 'आय ॲम बोअर्ड'. नोकरीत रस आहे हे सांगायला 'इंटरेस्टेड' म्हणा. 'इंटरेस्टिंग' म्हटलं तर मीच मजेशीर माणूस आहे असं होतं. मनात आलं ते 'एड', दुसऱ्याच्या मनात आणलं ते 'इंग', असं मी पुतणीला सांगितलं.

'ॲडजस्टेबल' खुर्ची असते, पाना असतो. माणूस 'ॲडॅप्टेबल', नव्या जागी रुळणारा. आणि हा शब्द आपल्या पोरांनी हक्काने वापरावा. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जायचं, पावसाआधी परत यायचं, मधली शाळा भरून काढायची. पहिलीपासून आश्रमशाळेत राहून स्वतःचे कपडे स्वतः धुणारा 'इंडिपेंडंट'. 'हार्डवर्किंग' सगळेच म्हणतात, समोरच्याचे कान किटलेले असतात. शब्दामागे एक खरी गोष्ट जोडा : आवणीच्या दिवसांत सकाळी शेतात आणि दुपारी कॉलेजात जात होतो, एवढं पुरे. मोडक्या इंग्रजीत सांगितलं तरी चालेल.

पाठांतराला आम्ही गोठा वापरतो. एक बैल 'स्टबर्न', हट्टी. दुसरा 'जेंटल', शांत. शेळी 'क्युरिअस', जिथे तिथे तोंड घालणारी. कुत्रा 'लॉयल', इमानी. रोज एक जनावर किंवा एक शेजारी (हे हळू आवाजात) घ्यायचा आणि त्याला शब्द लावायचा. मोबाईलला रेंज लागत नाही, पण याला रेंज लागत नाही. लाज वाटणाऱ्यांनी सुरुवातीला जनावरांपुढेच बोलावं, ती हसत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. प्रश्न कळला नाही तर 'सॉरी मॅडम, आय डिडन्ट अंडरस्टँड, प्लीज से इट अगेन' म्हणायला लाजू नका. पुतणीने एवढं म्हटलं असतं तर त्या मॅडमनी दुसऱ्या शब्दात विचारलं असतं.

तिला आता दुसरीकडून बोलावणं आलंय, पुढच्या सोमवारी. काल संध्याकाळी मोगरा खुडताना मी मुद्दाम विचारलं, "आर यू पेशंट?" म्हणाली, "येस सर. आय टूक केअर ऑफ माय ग्रँडमदर." मग इंग्रजी संपलं आणि बाकीचं तिने मराठीत सांगितलं. ते इंग्रजीत करायला अजून पाच दिवस आहेत.