गिअर अडला म्हणून लगेच ट्रॅक्टर उघडू नका



गळिताचे दिवस जवळ आले की गावोगाव ट्रॅक्टर धुऊन-पुसून तयार होतात. ट्रेलरचे टायर पाहिले जातात, हूक-पिना तपासल्या जातात, ऑईल बदलले जाते. क्लचकडे मात्र तो त्रास देऊ लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. आणि तो त्रास देतो तो बहुधा ऐन हंगामात, भरलेले ट्रेलर फडाच्या कडेला उभे असताना! तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही शेती खात्याची माणसे नेहमी सांगतो. ट्रॅक्टर दोन दिवस गॅरेजमध्ये पडला तर उसाचे वजन घटते, साखर उतारा घटतो, टोळी बसून राहते. बँकेचा हप्ता मात्र बसून राहत नाही. म्हणून या अंकात उसाऐवजी क्लचविषयी थोडे.

दोन वेगळी दुखणी

इंजिनच्या मागे फ्लायव्हील असते. त्याला टेकून दोन्ही बाजूंनी अस्तर लावलेली क्लच प्लेट, आणि तिला स्प्रिंगच्या जोराने दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पायडल दाबले की रिलीज बेअरिंग सरकून फिंगर दाबते, प्रेशर प्लेट मागे हटते व क्लच प्लेट मोकळी होते. ती पुरती मोकळी झाली तरच गिअर अलगद पडतो.

प्लेट पुरती मोकळी होत नसेल तर गिअर अडतो, खरखरतो. उलट प्लेट पुरती धरत नसेल तर क्लच घसरतो. इंजिन ओरडते, ट्रेलर हलत नाही, जळका वास येतो. नुसत्या झिजलेल्या प्लेटचे लक्षण हे दुसरे होय. हा फरक न ओळखल्यामुळे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. आपल्या भागातील एका सभासदाचा ट्रॅक्टर गिअर घेईना. मिस्त्रीने न तपासताच तो उघडून नवी प्लेट टाकली. चार दिवसांत गिअर पुन्हा अडू लागला. दुखणे पायडलच्या जोडणीतील झिजलेल्या पिनेत होते! प्लेटचे पैसे आणि मजुरी दोन्ही वाया गेली.

घरच्या घरी चार परीक्षा

१. इंजिन बंद करून सर्व गिअर टाकून पाहा. एखादा अडला तर ट्रॅक्टर किंचित ढकलून पुन्हा पाहा. बंद इंजिनावरही अडतच असतील तर दोष गिअरच्या दांड्यात किंवा गिअरबॉक्समध्ये शोधावा. बंद असताना पडतात आणि चालू असताना अडतात, तर दोष क्लचचा.

२. इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, मनात पाच अंक मोजा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली तर प्लेट मोकळी होत नाही असे समजावे.

३. पायडल हाताने हलके दाबून मोकळी चाल पट्टीने मोजा. बऱ्याच ट्रॅक्टरांत ती २० ते ३० मिलिमीटर असते; आपल्या कंपनीच्या पुस्तकातला आकडा खरा धरावा. चाल फार असेल तर प्लेट सुटत नाही, आणि रॉड जुळवूनच काम भागते. चाल मुळीच नसेल तर क्लच घसरतो आणि बेअरिंगही झिजते. प्लेट झिजेल तशी ही चाल कमी होत जाते, म्हणून हंगामात ती वरचेवर पाहावी.

४. ट्रेलर सोडून, सपाट जागी, पुढेमागे कोणी नाही हे पाहून ब्रेक लावा. वरचा गिअर टाकून पायडल हळूहळू सोडा. इंजिन दबून बंद पडले तर क्लच धरतो आहे. चालूच राहिले तर घसरतो आहे, ताबडतोब पायडल दाबा. ही परीक्षा एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केल्यास प्लेट तापते.

जुन्या बनावटीच्या कित्येक ट्रॅक्टरांत चालत्या गाडीत गिअर बदलायचाच नसतो, थांबून टाकायचा असतो. तेथे खरखर झाली तर दोष चालवणाराचा! जीप-मोटारीलाही बहुतेक याच परीक्षा लागू पडतात. जिथे क्लच तेलावर चालतो तिथे आधी तेलाची पातळी, गळती आणि नळीतली हवा पाहावी.

चाल व जोडणी ठीक असूनही गिअर अडत असेल तर प्लेट तापून वाकलेली असते, गंजून शाफ्टवर अडकलेली असते, किंवा फिंगर कमी-जास्त उंचीचे झालेले असतात. मग मात्र उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

उघडलाच तर काम पुरते करा

बहुतेक ट्रॅक्टरांना मोटारीसारखी वेगळी चासी नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स हेच अंग. त्यामुळे क्लचसाठी ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत उघडावा लागतो. पक्की सपाट फरशी, दोन्ही भागांखाली मजबूत टेकू आणि पुढच्या ॲक्सलवर लाकडी पाचर हवीच. नाहीतर इंजिन एका अंगाला कलंडून माणूस दगावेल. हे काम बांधावर करू नये.

एवढी मजुरी मोजल्यावर नुसती प्लेट बदलून थांबू नका. रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधले छोटे बेअरिंग त्याच वेळी बदलावे. प्रेशर प्लेटला चरे किंवा तडे असतील, स्प्रिंग मऊ पडल्या असतील, तर तीही बदलावी. फ्लायव्हीलवर निळे डाग, तडे दिसले तर लेथवाल्याला दाखवावे. मागचे ऑईल सील गळत असेल तर आधी ते बदला, नाहीतर नवी प्लेट तेलात भिजून पुन्हा घसरेल. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ हवा मारून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. प्लेटची बाजू उलटी बसू देऊ नका. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. नवे रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नये, आतले ग्रीस निघून जाते.

पायाला सवय लावा

बहुतेक क्लच पायानेच जळतात. चालवताना पायडलवर पाय ठेवू नका. चढावर गाडी क्लचवर धरू नका, ब्रेकवर धरा. काट्यापुढे रांगेत उभे असताना न्यूट्रल करून पाय काढा. उतारावर क्लच दाबून गाडी कधीही सोडू नका. भरलेला ट्रेलर मागून रेटतो आणि ट्रॅक्टर हाताबाहेर जातो. या गोष्टी आपल्या ड्रायव्हरला समजावून सांगा. मालकाला माहीत आणि ड्रायव्हरला नाही, असे झाले तर उपयोग नाही.

गव्हाणीत पहिली मोळी पडण्यापूर्वी वरच्या चार परीक्षा प्रत्येकाने जरूर कराव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि त्याला पट्टी व पाना एवढेच लागते.