डाग इथे, गळती कुठे?

रात्रभर उभी असलेली मोटार पुढे घेतली की फरशीवर काळपट डाग दिसतो. वाकून पाहिलं तर डागाच्या बरोबर वर इंजिनाचं चेंबर, म्हणजे तळाची तेलाची टाकी असते. ‘चेंबरचं गास्केट गेलं,’ असा निकाल लगेच लागतो. पण तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. वरच्या टॅपेट कव्हरमधून निघालेला थेंबही इंजिनाच्या अंगावरून उतरून चेंबरच्या कडेला लोंबू शकतो!

म्हणून थंड इंजिन पुसून कोरडं करायचं, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गाडी थोडी फिरवून आणायची. इंजिन बंद करून पाहिलं, की पावडरीत तेलाची ओली वाट दिसते. त्या वाटेचं सर्वांत वरचं टोक, तिथे गळती.

जागा सापडली, पण कारण? सिलिंडरमध्ये जळलेला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांजवळून नेहमीच खाली निसटतो. त्याला बाहेर पडायला एक नळी आणि झडप असते. तिच्यातून तो पुन्हा आत येणाऱ्या हवेत शोषला जातो. ही वाट काजळीने तुंबली तर इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि सगळ्यांत कमजोर सीलमधून तेल बाहेर रेटलं जातं. अशा वेळी नवं सील घातलं तरी ते पुन्हा गळणार. क्रँकचं मागचं सील बदलायला बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणजे सील स्वस्त, मजुरी महाग. त्याआधी एक फुकटची तपासणी करावी. पेट्रोल इंजिन मंद गतीवर चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढा आणि भोकावर जाड कागद ठेवा. (फिरत्या पट्ट्यापासून हात आणि बाह्या दूर!) कागद हलकासा ओढला गेला तर ठीक. तो वर उचलला जात असेल, तर नळी तुंबली आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत.

गास्केट बसवताना जोर लावायचा मोह आवरावा. बोल्ट फार आवळले की बुचाचं गास्केट चिरडतं, चेंबरच्या पत्र्याची कड वाकते आणि फट उलट वाढते. सीलंटचंही तसंच. जास्त लावलेलं सीलंट आतल्या बाजूने बाहेर येतं. त्याचे तुकडे तेलात पडून पंपाच्या जाळीवर अडकले, तर बेअरिंगांना तेल मिळत नाही. चार थेंबांची गळती थांबवताना सगळं इंजिनच जायचं.