पियानो शिकून सिनेमाला संगीत देता येतं का?

माझ्याकडे पियानो शिकणाऱ्या एका मुलीनं परवा विचारलं, "ताई, मला सिनेमाचं पार्श्वसंगीत करायचंय. मग बाख आणि शोपँ कशाला वाजवू?"

मी तिला जॉन विल्यम्स यांच्याबद्दल सांगितलं.

'स्टार वॉर्स', 'शिंडलर्स लिस्ट'चे हे संगीतकार मुळात पियानिस्ट. न्यूयॉर्कच्या ज्युलियर्डमध्ये ते रोझिना लेव्हिन या नामांकित शिक्षिकेकडे शिकले. मैफलीचं वादन हेच ध्येय होतं. पण तिथले इतर तरुण पियानिस्ट ऐकल्यावर त्यांना वाटलं, आपला रस्ता संगीत लिहिण्याचा.

मग ते हॉलिवूडच्या स्टुडिओंत वाजवू लागले. हेन्री मॅन्सिनी यांचं संगीत असलेल्या 'पीटर गन' या टीव्ही मालिकेत (१९५८) आणि एल्मर बर्नस्टीन यांचं संगीत असलेल्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या सिनेमात (१९६२) पियानो विल्यम्स यांचाच. माझ्या मते खरी तालीम इथेच झाली. दुसऱ्यानं लिहिलेलं समोर येताच वाजवायचं आणि ते तसं का लिहिलंय, हे कानांनी टिपायचं!

'जॉज' (१९७५) या शार्क माशावरच्या सिनेमाची धून त्यांनी दिग्दर्शक स्पीलबर्गना पियानोवरच ऐकवली. ई आणि एफ, शेजारशेजारचे दोनच स्वर. स्पीलबर्गना आधी ती थट्टा वाटली, ते हसले. सिनेमात मात्र मासा दिसत नसतानाही, लय वाढली की तो जवळ आल्याचं कळतं. त्या संगीताला ऑस्कर मिळालं.

संगणकाच्या काळातही विल्यम्स पियानोशी बसून कागद-पेन्सिलनंच लिहीत आले.

'मॉकिंगबर्ड'ची सुरुवात हेडफोन लावून जरूर ऐका, अगदी सुटे सुटे स्वर आहेत. पियानोच्या परीक्षा, सराव, या वाटेची तयारी, काहीही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा. सगळ्यांना उत्तर देईन.