पाहुण्यांची न्याहारी

आतिथ्य म्हटले की डोळ्यांपुढे येते ते दुपारचे जेवण. पाटपाण्याची मांडणी, ताटातील डावी आणि उजवी बाजू, पक्वान्नाची निवड, यजमानाचा आग्रह यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. त्या मानाने सकाळची न्याहारी दुर्लक्षित राहिली. याला कारणही आहे. जुन्या मराठी घरांत न्याहारी ही फारशी पाहुणचाराची बाब नव्हती. शेतावर जाणारा मनुष्य भाकरी, चटणी, कांदा आणि ताक यांवर न्याहारी उरकीत असे. कोकणात मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट एवढ्यावर मुलांची सकाळ भागत असे. गोव्यात पेज असे. पाहुणा आला तर त्याच्यापुढेही तेच येई, आणि खरा पाहुणचार दुपारच्या पंगतीसाठी राखून ठेवला जाई.

रेल्वे आणि मोटारी यांच्या रात्रीच्या प्रवासाने ही स्थिती पालटली. पाहुणा आता पहाटे दाराशी उतरतो, स्नान करतो आणि नऊ-दहा वाजता आपल्या कामाला निघतो. लग्नकार्यासाठी आलेली मंडळी दुपारी कार्यालयात जेवतात. अशा वेळी यजमान आणि पाहुणे घरात एकत्र बसून खातात अशी एकच वेळ उरते, ती म्हणजे न्याहारीची. म्हणून ती नावापुरती असून चालत नाही. तिने दुपारपर्यंत आधार दिला पाहिजे.

परंतु येथेच अडचण उभी राहते. जेवणाच्या तयारीला उभी सकाळ मिळते. न्याहारीच्या तयारीला जेमतेम तासभर मिळतो. शिवाय सर्वांना भूक एकाच वेळी लागते. परिणामी अनेक घरांत एकच दृश्य दिसते. बाहेरच्या खोलीत पाहुणे आणि यजमान गप्पा मारीत असतात. आतून एकेक बशी बाहेर येत असते. आणि घरची गृहिणी शेवटपर्यंत शेगडीपुढे उभी असते. ती बशी घेऊन बसते तेव्हा तिच्या वाट्याचे खाणे निवालेले असते आणि पाहुणे पायांत चपला घालीत असतात. ज्या बहिणीला किंवा मैत्रिणीला भेटण्यासाठी पाहुणी दूरवरून आली, तिच्याशी चार शब्द बोलणेही घडत नाही.

ही रीत धर्माने सांगितली आहे, असा एक समज आढळतो. तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देवाच्या ठिकाणी मानले, हे खरे. अतिथीने आधी जेवावे आणि घरच्यांनी मागून, हेही स्मृतींनी सांगितले. तथापि मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हा नियम येतो तेथे शब्द आहे तो ‘दंपती’ हा. मागून जेवायचे ते पती आणि पत्नी या दोघांनी. व्यवहारात मात्र पती पाहुण्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि थांबण्याचे काम तेवढे पत्नीकडे राहिले. ते अद्यापही पुष्कळसे तिच्याकडेच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील ज्या व्यक्ती घरची बिनमोबदला कामे करतात, त्यांच्यापैकी स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे असा त्या पाहणीत आढळला. पाहुणे आले म्हणजे हे अंतर वाढणार, हे सांगावयास नको.

तेव्हा पाहुण्यांची न्याहारी ठरविताना दोन कसोट्या लावल्या पाहिजेत. ती पोटभरीची असावी, ही पहिली. आणि ती रांधणारी व्यक्ती सर्वांबरोबर बसू शकावी, ही दुसरी. या दुसऱ्या कसोटीचा विचार पदार्थ निवडतानाच करावा लागतो. एकदा तव्यावर पीठ पडले की तो करून उपयोग नसतो.

आपल्याकडील न्याहारीच्या पदार्थांचे या दृष्टीने दोन वर्ग पडतात. थालीपीठ, घावन, आंबोळी, धिरडे हे तव्यावरचे पदार्थ. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, उसळ हे कढईतले किंवा पातेल्यातले पदार्थ. तव्यावरचे पदार्थ रुचीला कमी आहेत असे मुळीच नाही. उलट भाजणीचे थालीपीठ हा पौष्टिक अन्नाचा उत्तम नमुना आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू यांसारख्या धान्यांत जे प्रथिनघटक कमी पडतात ते हरभरा आणि उडीद यांच्या डाळी पुरवितात, आणि डाळींत जे कमी असतात ते धान्ये पुरवितात. परंतु एक थालीपीठ झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खमंग होण्यास पाच मिनिटे लागतात. दहा माणसांना प्रत्येकी दोन द्यावयाची झाली तर एका तव्यावर १०० मिनिटे मोडतात. तितका वेळ कोणी तरी तव्यापाशी अडकून पडणार, हे ठरलेलेच. तव्यावरचे पदार्थ म्हणूनच दोन-तीन पाहुण्यांसाठी योग्य, आणि तेही सर्वांनी स्वयंपाकघरातच बसून तव्यावरून ताटात घ्यावेत असे. माणसे आठ-दहा असली की कढईतल्या पदार्थाकडे वळावे.

त्यांत पोह्यांचा मान पहिला, आणि तो केवळ सवयीमुळे मिळालेला नाही. पोहे करताना भात, म्हणजे सालीसकट तांदूळ, भिजवून, भाजून मग कुटतात किंवा दाबून चपटा करतात. या क्रियेत दाण्यातील पिष्ट बरेचसे शिजलेले असते. घरी येतो तो अर्धा स्वयंपाक होऊन आलेला पदार्थ. त्याला हवे असते थोडे पाणी आणि एक चांगली वाफ. म्हणूनच तो अल्प वेळात होतो.

पोहे बिघडतात ते बहुधा दोन कारणांनी. पहिले कारण पाण्याचा चुकलेला अंदाज. जाड पोहे रोवळीत किंवा चाळणीत घालून वरून पाणी ओतून धुवावेत आणि दहा मिनिटे निथळत ठेवावेत; पातेल्यात पाण्यात बुडवून ठेवू नयेत. दाणा बोटांत दाबला असता सहज मोडला पण त्याचा लगदा झाला नाही, म्हणजे तो भिजला असे समजावे. मीठ, हळद आणि चिमूटभर साखर या भिजलेल्या पोह्यांनाच हलक्या हाताने लावावी. त्यामुळे कढईत फार ढवळावे लागत नाही आणि दाणा अखंड राहतो. दुसरे कारण कढईत एकदम पुष्कळ पोहे घालणे. घरगुती कढईत ४०० ग्रॅमहून अधिक पोहे टाकले की तळचे करपतात आणि वरच्यांना वाफ पोहोचत नाही. दहा माणसांना माणशी ८० ग्रॅमप्रमाणे ८०० ग्रॅम पोहे लागतात. त्यांचे दोन घाणे करावेत. प्रत्येक घाण्याला मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे आणि दोन मोठे कांदे पुरतात. शेंगदाणे आधी तळून बाजूला काढावेत. कांदा मऊ झाला की पोहे घालून, आच मंद करून, झाकण ठेवावे आणि पाच मिनिटांनी काढावे. लिंबू आणि कोथिंबीर शेवटी.

आता पहिली कसोटी. पोहे पोटभर खाल्ले तरी अकरा वाजता पुन्हा भूक लागते, ही तक्रार खोटी नाही. १०० ग्रॅम पोह्यांत प्रथिने असतात ती सुमारे ७ ग्रॅम. पोहे हे मुख्यतः पिष्टच. यावरचा उपाय नागपूरकरांनी फार पूर्वीच काढून ठेवला आहे. तेथे पोह्यांवर हरभऱ्यांची झणझणीत तर्री घालतात. हरभऱ्यात प्रथिने पोह्यांच्या अडीचपटीहून अधिक, आणि तो पचतोही सावकाश. धान्य आणि कडधान्य यांची जी सांगड भाजणीत आहे तीच येथे एका बशीत जमते, आणि दोन्ही पदार्थ पातेल्यातले असल्याने कोणाला तव्यापाशी उभे राहावे लागत नाही.

तर्रीचा दुसरा गुण असा की ती आदल्या रात्री करून ठेवता येते, किंबहुना रात्रभर मुरल्याने ती अधिक चविष्ट लागते. दहा जणांना ३०० ग्रॅम लहान तपकिरी हरभरे पुरतात. ते आदल्या दिवशी सकाळी भिजत घालावेत आणि रात्री कुकरमध्ये मऊ शिजवून घ्यावेत. कांदा, सुके खोबरे, लसूण, आले, धने, लवंग आणि दालचिनी भाजून त्यांचे वाटण करावे. ते तेलात परतून झाले की आच कमी करून त्यात लाल तिखट घालावे आणि मग हरभरे त्यांच्या पाण्यासह ओतावेत. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. म्हणून तिखट तेलातच पडले पाहिजे, आणि ते करपू नये म्हणून आच कमी पाहिजे. तर्री निवाली की शीतकपाटात ठेवावी आणि सकाळी खळखळून उकळी आणावी. मुले आणि वृद्ध यांच्यासाठी थोडे हरभरे तिखटावाचून आधीच बाजूला काढून ठेवणे हा शहाणपणाचा भाग होय.

राहिला प्रश्न पोहे गरम ठेवण्याचा. शिजलेले पिष्ट थंड होऊ लागले की ताठर बनते, आणि उघड्यावर त्यातील ओलावाही उडून जातो; म्हणून निवालेले पोहे कोरडे आणि वातड लागतात. पहिला घाणा दुसरा होईपर्यंत मऊ राहावा कसा? याचे उत्तर इंदूरच्या रस्त्यांवर मिळते. होळकरांच्या या नगरीत पोहे घराघरांत आणि दुकानादुकानांत खाल्ले जातात, वर शेव आणि बरोबर जिलबी असते. तेथील दुकानदार पोह्यांचे पातेले उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतो, त्यामुळे ते तासन्‌तास मऊ राहतात. घरी हीच युक्ती करता येते. मोठ्या पातेल्यात चार बोटे पाणी उकळत ठेवून त्यावर पोह्यांचे भांडे झाकून ठेवले की पुरे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा बेत सहज जमण्यासारखा आहे, कारण पोहे भारतात सर्वत्र मिळतात. केवळ नाव ठाऊक पाहिजे. हिंदी प्रदेशात त्यांना चिवडा किंवा चुडा म्हणतात, गुजरातेत पौंआ, बंगालात चिंडे, कर्नाटकात अवलक्की, आंध्र आणि तेलंगणात अटुकुलु, तर तमिळ भाषेत अवल. भाताची जात आणि जाडी प्रांतोप्रांती निराळी असल्यामुळे भिजण्याचा वेळही निराळा लागतो. अपरिचित पोहे आणले तर आदल्या दिवशी मूठभर भिजवून पाहावेत.

बेताची वेळ जुळविणेही अवघड नाही. न्याहारी आठला असेल तर सातला तर्री मंद आचेवर ठेवावी आणि कांदे चिरण्यास घ्यावेत. सव्वासातला पोहे धुवावेत, साडेसातला पहिला घाणा, पावणेआठला दुसरा. गोडासाठी आधी केलेले रव्याचे लाडू, थंडीच्या दिवसांत डिंकाचे, आणि जोडीला केळी. सकाळी शिरा करण्याचा मोह टाळावा. रवा भाजणारा हात दुसरे काही करू शकत नाही. आठ वाजता पोहे, तर्री, चिरलेला कांदा, शेव, लिंबाच्या फोडी आणि बशा सर्वांच्या मध्ये मांडाव्यात. ज्याने त्याने आपापले वाढून घ्यावे. घरच्या पुरुषाने आणि मोठ्या मुलांनी कांदे चिरणे, बशा मांडणे आणि चहा करणे ही कामे घ्यावीत. चहा हा या सर्वांत महत्त्वाचा. न्याहारी चालू असता गृहिणीला पंगतीतून उठविणारी शेवटची गोष्ट तीच असते.

पोह्यांचा आणि पाहुणचाराचा संबंध जुना आहे. पोहे हा शब्दच संस्कृत ‘पृथुक’ या शब्दावरून आला. भागवताच्या दशम स्कंधात, सुदाम्याची म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या कथेत, दरिद्री पाहुणा शेजाऱ्यांकडून मागून आणलेले चार मुठी पोहे घेऊन द्वारकेला जातो. या कथेतील पोहे सर्वांच्या ध्यानात राहिले. तेथला पाहुणचार मात्र तितका राहिला नाही. तेथे यजमान श्रीकृष्ण स्वतः पाहुण्याचे पाय धुतो आणि रुक्मिणी त्याच्यावर चवरी ढाळते. दोघेही पाहुण्यापाशी आहेत. आत कोणी एकटे राहिलेले नाही.

सकाळच्या घाईत एवढे साधले तरी पुष्कळ झाले. पाहुणा घरी गेल्यावर पोह्यांत मीठ किती होते हे विसरतो. घरातील सर्व माणसे आपल्याबरोबर बसली होती, हे मात्र तो विसरत नाही.